पाहुण्याचं पाणी

आमच्या सरांची सॅक मी भरत असे, आणि ती भरताना दर वेळी भांडण होई. सारा गाव त्यांना तांबे सर म्हणायचा. लग्नानंतर मीही थट्टेनं सर म्हणायला लागले आणि तेच तोंडात बसलं. साताऱ्यातल्या शाळेत ते पी.टी. शिकवत. सुट्टी लागली की मित्रांना गोळा करून डोंगरावर मुक्कामाला जात. मी लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा गेले, गुडघा सुजवून आले आणि माझा सहभाग स्वयंपाकघरापुरता ठेवला.

तंबू, पांघरूण, टॉर्च हे सगळेच नेतात. भांडण व्हायचं ते वरच्या सामानावरून. सुतळीचा गुंडा, सेफ्टी पिना, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या, मेणबत्तीचा तुकडा, शिट्टी, मोज्यांचा जादा जोड, सुंठ आणि गूळ, आणि माझी एक जुनी सुती साडी. साडीवर त्यांचा फार विश्वास. सावलीला ताणता येते, हात मोडला तर गळ्यात बांधता येते, गढूळ पाणी गाळता येतं, माणूस उचलून आणायचा तर झोळी होते. त्यामुळे माझी एकही साडी म्हातारी होऊन घरात मेली नाही, सगळ्या डोंगरावर कामी आल्या.

आणि या सगळ्याच्या वर पाहुणा.

हा त्यांच्या टोळीचा रिवाज. प्रत्येकानं एक कापडी पिशवी वेगळी न्यायची. तिच्यात पाण्याची भरलेली बाटली, ठेचा लावून गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या, गुळाचा खडा, क्षारांची पुडी आणि एक कोरडा सदरा. यातलं स्वतः काही खायचं नाही, प्यायचं नाही. वाटेत जो कोणी अडलेला भेटेल त्याचं ते. निघताना एकमेकांना विचारायचे, पाहुणा घेतला का? मी म्हणायचे, पाहुणा येईल तेव्हा येईल, पाठ तर तुमचीच मोडते. त्यावर ते म्हणत, अगं घरी नाही का आपण एका माणसाचा भात जास्त टाकत, कोणी दारात आलं तर असू दे म्हणून. तो तर मी टाकतच असे. आणि खरं सांगायचं तर ती पिशवी परत भरलेली आलेली मी क्वचितच पाहिली.

मग मोजका आला.

मोजका हे यंत्राचं नाव. ते आमच्या मुलीच्या कंपनीनं बनवलं आणि मैथिली ते बनवणाऱ्यांत होती. कल्पना साधी आहे, मला कळली म्हणजे कोणालाही कळेल. दंडावर एक पातळ पट्टी चिकटवायची. ती घामातलं मीठ मोजते, नाडी, अंगाची उष्णता, रक्तातली साखर मोजते आणि आकडे मनगटावरच्या घड्याळासारख्या काचेवर दाखवते. दुसरीकडे डोंगराच्या प्रत्येक उतारावर बोटभर उंचीच्या खुंट्या रोवलेल्या असतात, त्या वारा आणि ऊन मोजतात. या दोन्हींची सांगड घातली की हा माणूस, या वाटेनं, आजच्या हवेत चढला तर त्याला किती पाणी लागेल, किती अन्न लागेल, हे यंत्र आधीच सांगतं. आणि ते चुकत नसे. लोक जेवढं नेत त्यातलं निम्मं उगाच वाहत होते, हे तिनं आम्हाला पडद्यावर दाखवलं.

आमच्या भागातल्या आंबेघळ पठाराची तोवर उकिरड्यासारखी अवस्था झाली होती. प्रत्येक जण भरमसाट न्यायचा आणि उरलेलं वरच टाकून यायचा. म्हणून पठार मंडळानं नियम केला की मोजका सांगेल तेवढंच वर जाईल. पायथ्याला फाटक आणि काटा आला. सॅक काट्यावर ठेवायची, जास्तीचं सामान फाटकापाशी काढून ठेवायचं. दोन वर्षांत पठार स्वच्छ झालं, फुलं परत आली, लोकांचे गुडघे वाचले. वाईट काय झालं म्हणून कोणी विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. अडचणीतल्या माणसांसाठी डोलीही आली. डोली म्हणजे एका माणसाला उचलून खाली आणणारं ड्रोन. पट्टीवरून यंत्राला प्रत्येकाच्या गरजेचा आकडा कळे आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे डोली आधी जाई. त्या डोल्या ज्या खोलीतून सुटत तिथे मैथिली बसायची. शेवटचा निर्णय माणसानं घ्यायचा असा नियम होता, आणि ते माणूस म्हणजे आमची लेक.

पहिल्याच खेपेला काट्यानं सरांचा पाहुणा बाहेर काढला. सर घरी आले ते तोंड पाडून. आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू काटा मी बसवला होता.

पुढच्या खेपेला मात्र स्वारी खुशीत परतली. मला संशय आला. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पट्टीला फसवता येतं. निघायच्या आदल्या जेवणात पापड-लोणचं हाणायचं, जीपमध्ये स्वेटर घालून बसायचं, आणि फाटकाशी पोचलं की पलीकडच्या देवळाच्या पायऱ्या पळत चढून-उतरून यायचं. पट्टीला वाटतं हा गडी फार तहानलेला, फार थकणारा. मग यंत्र त्याला जास्तीचं पाणी, जास्तीचे क्षार, जास्तीचं खाणं मंजूर करतं. त्या मंजुरीत पाहुणा बसतो. सगळी टोळी हेच करू लागली. साठी ओलांडलेली माणसं स्वेटर घालून देवळाच्या पायऱ्यांवर धावतायत हे दृश्य सलीम इनामदारांनी मला नक्कल करून दाखवलं आणि मी पोट धरून हसले. इनामदार हे सरांचे जुने सोबती, पोवई नाक्यावर त्यांचं कापडाचं दुकान होतं.

हसू फार टिकलं नाही. गणपतीला मैथिली घरी आली ती भांडायच्याच तयारीनं. तिनं आकडे पाहिले होते. साताऱ्याचे काही म्हातारे फाटकाशी मरायला टेकलेले असतात आणि पाव तासात तरणेबांड होतात, हे तिला कळायला वेळ लागला नाही. पण तिचा राग काट्याला फसवल्याचा नव्हता. पट्टीवर आकडा चढला की वर असतानाही यंत्र सावध होतं, आणि एकदा सरांच्या अशाच वाढीव आकड्यापायी डोली त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिली होती. त्याच वेळी डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर पाय मोडलेली एक बाई उन्हात तिची वाट बघत पडली होती. ती बाई वाचली, पण मैथिलीनं तिचं कण्हणं फोनवर ऐकत कामाची ती सगळी पाळी काढली होती.

"बाबा, तुम्ही ज्याच्यासाठी पाणी नेता त्याच्याच वाटेची डोली तुम्ही अडवता," ती म्हणाली.

सर म्हणाले, "तुझ्या यंत्राला पाहुणा मोजता येत नाही त्याला मी काय करू?"

"जो नाहीच आहे त्याला कसं मोजायचं?"

दोघंही खरं बोलत होते आणि मी मधे मोदक घेऊन उभी होते. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता. एवढीशी पाण्याची बाटली, आणि तिच्यापायी सण नासला.

जाण्याआधी तिनं जे करायचं ठरवलं ते लपवलं नाही, जेवताना समोर सांगितलं. ज्यांना अशी सवय आहे त्यांच्या आकड्यातून ती सवय वजा करायची. म्हणजे सरांची पट्टी ओरडली तरी यंत्र समजून घेणार की यातलं एवढं नाटक, आणि उरलेलं खरं. फाटकाशीही वजावट आणि वरही वजावट. सर म्हणाले, "बरं केलंस. आता पायऱ्या चढायचे कष्ट वाचले." ते आंबट तोंडानंच बोलले, पण मनातून त्यांना लेकीचा अभिमान वाटला होता. तो त्यांनी इनामदारांपाशी बोलून दाखवला, आमच्यापाशी नाही. आमच्या घरात कौतुक नेहमी शेजारच्या दारानं यायचं.

मला वाटलं आता तरी पाहुणा संपला. कसला संपतोय. काटा एकूण वजन बघतो, कोणाच्या वाट्याचं काय हे त्याला कळत नाही. सर स्वतःचं कमी करायला लागले. आपल्या पाण्यातलं, आपल्या भाकरीतलं काढून त्यांनी पाहुण्याची पिशवी भरली. मी सॅक भरताना अडवलं तर म्हणाले, मला सवय आहे, मी उंटाच्या जातीचा. यंत्रानं प्रत्येकाला जेमतेम पुरेल एवढं मोजून दिलेलं, त्यातलं हे अर्धं बाजूला ठेवणार. वय अडुसष्ट. मी बोलले, भांडले, एकदा भाकऱ्या करायच्याच नाहीत म्हणून बसले. त्यांनी स्वतः थापल्या, नकाशासारख्या वाकड्या, आणि घेऊन गेले.

ऑक्टोबरमध्ये ते आणि इनामदार आंबेघळला मुक्कामाला गेले. पुढचं सगळं मला इनामदारांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हवा फिरली. घाटाच्या वरून कोरडा, गरम वारा सुटला. असा वारा त्या महिन्यात तिथे कधी आला नव्हता, म्हणून खुंट्यांनाही तो आधी कळला नाही. यंत्रानं दिलेलं पाणी गार हवेच्या हिशेबाचं होतं. पठाराच्या मधोमध यांना कॉलेजची एक टोळी भेटली. त्यांच्यातली एक मुलगी खडकाला टेकून बसली होती, घाम थांबलेला, डोळे वर गेलेले. बाकीची मुलं भोवती उभी होती. त्यांच्या बाटल्यांत पाणी होतं.

इनामदार इथे थांबले आणि मला म्हणाले, "वहिनी, वाईट पोरं नव्हती ती. एक पोरगा रडत होता. पण त्याच्या मनगटावर दिसत होतं ना, की हे पाणी तुला खाली पोचायला लागणार आहे. हिला दिलं तर तू पडशील. यंत्र कधी चुकत नाही हे त्यांना डोंगर चढायला लागल्यापासून माहीत. त्यांनी आमच्यासारखं अंदाजानं कधी काही प्यालेलंच नाही."

सरांनी मुलांना काही बोल लावला नाही. तुम्ही खाली उतरा, पाणी प्रत्येकानं आपापलं प्या, म्हणून सांगितलं आणि त्यांना वाटेला लावलं. इनामदारांना पठाराच्या पार दुसऱ्या टोकाला, खडकात खोदलेल्या टाक्याकडे पाणी आणायला पिटाळलं. साडी खडकाला ताणून सावली केली. पाहुण्याची बाटली त्या मुलीच्या ओठांना लावली, सदरा भिजवून तिच्या मानेवर ठेवला. ती बाटली संपल्यावर स्वतःची संपवली. स्वतः किती प्याले ते कोणाला ठाऊक नाही. इनामदार म्हणतात, एक घोटही नाही.

खाली डोलीच्या खोलीत मैथिलीला दोघांचे आकडे दिसत होते. मुलीचा लाल. सरांचाही लाल, पण वजावटीनंतर पिवळा. त्या वाऱ्यानं साऱ्या डोंगरभर माणसं पाडली होती आणि सगळ्या डोल्या बाहेर होत्या. तिच्या हाताशी एकच उरली होती. नियमानं तिनं मुलीकडे पाठवायची, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी तिनं नियमात नसताना बाबांना फोन लावला. दोघांचं बोलणं झालं आणि डोली मुलीला घेऊन खाली गेली.

इनामदार पाणी घेऊन आले तेव्हा सर सावलीत आडवे होते. झोपले असतील असं त्यांना वाटलं. डोली परत आली ती त्यांना आणायलाच.

चौकशी झाली. निर्णय योग्य होता असा निकाल आला, आणि तो खराच होता. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडलं. पण ते हळूहळू ढासळत गेलं की फोन ठेवल्यावर एकाएकी थांबलं, हे नक्की सांगता येणार नाही. वजावटीच्या आधीचा आकडा मोठा होता, मात्र म्हातारा माणूस उन्हात धावपळ करतो तेव्हा तो मोठा असतोच. बोलताना सर कदाचित खरोखरच ठीक असतील. मैथिली या कदाचितला धरून होती. दिवसकार्य झाल्यावर तिनं मला पुण्याला आपल्या घरी आणलं, दंडावर पट्टी चिकटवली आणि माझा आकडा आपल्या मनगटावर घेतला. आता माझी नाडी जरा हलली तरी ऑफिसातून फोन यायचा. मी कधी ओरडले नाही. पण मनातून मला तिचा राग होता, तो कबूल करते. जेवायला एका ताटाशी बसायचो आणि माझ्या मनात येई, हिनं वजा केलं. माझ्या माणसाला हिनं वजा केलं. पुढच्या क्षणी माझी मलाच लाज वाटे, कारण ती घास गिळताना मान खाली घालायची आणि तिचं मनगट माझ्यासारखंच काटकुळं झालं होतं.

एका रविवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. त्या खोलीतले सगळे फोन साठवून ठेवतात. तो फोन तिनं इतके दिवस ऐकला नव्हता, आता रोज ऐकते म्हणाली. "आई, तू त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढलीस. ऐक आणि मला एवढंच सांग."

आधी तिचा आवाज आला. "बाबा, डोली एकच आहे. तुमचा आकडा वजा करूनही वर चाललाय. आज खरं सांगा."

मग त्यांचा. "अगं, पायऱ्या चढून आलोय समज," आणि हसले. "मला काय धाड भरलीय," पुन्हा हसले. "पोरीकडे पाठव. नाटक आहे गं," आणि परत ते हसू.

"नक्की ना?"

"नक्की. बाटली बघून पट्टीला चेव आला." हसत हसतच त्यांनी फोन ठेवला.

मैथिली म्हणाली, "मला वाटलं, चोरी पकडली म्हणून हसतायत. आई, तुला काय वाटतं? ते खोटं बोलत होते का?"

सर बोलताना हसत नसत. जन्मात कधी नाही. दुनियेला हसवायचे ते तोंड आंबट ठेवून. मैथिली लहान असताना ती त्यांना गुदगुल्या करून दमायची, ते मिशीसुद्धा हलवत नसत. आणि इथे चार-चार शब्दांनंतर हसू. ते हसू नव्हतंच. दम लागत होता. पुढचे चार शब्द बोलायला हवा लागत होती आणि ती हवा ते हसण्यात लपवून घेत होते. मला पहिल्याच हसण्याला कळलं. त्या खोलीत मैथिलीच्या जागी मी असते तर मला कळलं असतं. तिला कसं कळणार, मुलांना आईबाप बोलताना ऐकू येतात, श्वास घेताना नाही. आणि त्यांनीच तिला इतकी वर्षं शिकवलं होतं की बाबांच्या अंगाचं काही खरं धरायचं नाही.

माझा सारा राग तिथल्या तिथे विरला. समोर माझी मुलगी बसली होती, एका कदाचितवर जगणारी, आणि तो कदाचित माझ्या हातात होता.

"नाही गं," मी म्हणाले. "अगदी नेहमीचा आवाज आहे त्यांचा. मला तरी काही वेगळं वाटलं नाही."

चेहरा मी सांभाळला. हातातली भाजी निवडत राहिले, आवाजही नीट ठेवला. पण मैथिली माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या मनगटाकडे बघत होती. तिथे माझा आकडा चढत होता. तिचा अंगठा काचेवरून फिरला, आकडा पुसला जावा तसा, पण तो चढतच राहिला. मी तिथे बसल्या बसल्या जिना चढत होते जणू.

"तुम्ही दोघं अगदी सारखे आहात," ती म्हणाली.

मग ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडावरची पट्टी नखानं सोडवून हळूहळू काढू लागली. मी म्हटलं, मैथिली, ऐक तरी. ती म्हणाली, "नको आई, काही बोलू नकोस, मला कळलं." पट्टी निघाल्यावर खालची कातडी पांढरी पडलेली दिसली. तिनं ती जागा तळहातानं झाकली आणि तिथेच डोकं टेकून ती रडायला लागली. मी भाजीचे हात पदराला पुसले आणि तिच्या पाठीवर ठेवले, कारण आता मी काहीही बोलले असते तरी तिला ते वजा करूनच ऐकावं लागलं असतं.